पावसात डीडी फ्री डिशचं चित्र जातं, मोठी छत्री घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावच्या घरी आईवडिलांसाठी ६० सेंटीमीटरची छत्री आणि फ्री डिशचा बॉक्स लावला आहे. बॉक्सवर स्ट्रेंथ ८५ दिसते, क्वालिटी ३५ ते ४० च्या आसपास. ऊन असताना चित्र स्वच्छ, सर आली की 'नो सिग्नल'. दुकानदार ९० सेंटीमीटरची छत्री घ्या म्हणतो, आणि शेजाऱ्यांची केबल मात्र पावसातही चालू असते.

मोठी छत्री इतक्यात घेऊ नका. आहे तीच आधी उपग्रहावर नीट रोखा. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून छत्री एक-दोन अंशांनी चुकलेली आहे किंवा एलएनबी (छत्रीसमोरच्या दांडीवरचा, सिग्नल पकडून केबलमध्ये सोडणारा छोटा डबा) फिरवून बसवलेला नाही, याची शक्यता सगळ्यात जास्त दिसते. दोन्ही गोष्टी फुकटात दुरुस्त होतात.

स्ट्रेंथचा आकडा विसरून जा. एलएनबीकडून केबलमधून बॉक्सपर्यंत एकूण किती ऊर्जा येते, एवढंच तो सांगतो, आणि त्यात नुसता गोंगाट, म्हणजे कामाच्या नसलेल्या लहरीही, मोजल्या जातात. छत्री भिंतीकडे वळवली तरी स्ट्रेंथ दिसतेच. त्या ऊर्जेतून बॉक्सला नेमका आपला सिग्नल किती निवडून काढता येतो, हे क्वालिटी सांगते. डिजिटल प्रक्षेपणात चित्र हळूहळू खराब होत नाही. एका मर्यादेपर्यंत ते अगदी स्वच्छ असतं, मर्यादा ओलांडली की आधी चौकोन पडतात आणि मग काहीच राहत नाही. त्यामुळे कोरड्या हवेत क्वालिटी ४० असली काय आणि ७५ असली काय, चित्र सारखंच दिसतं. फरक कळतो तो पावसात. त्या मर्यादेच्या वर तुमच्याकडे किती शिल्लक आहे, तेवढाच पाऊस तुमची छत्री सोसणार.

आता मोठ्या छत्रीचा हिशेब करू. ६० च्या जागी ९० सेंटीमीटरची छत्री लावली की क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, म्हणजे साडेतीन डेसिबेलचा (सिग्नल किती पट कमी-जास्त झाला ते मोजायचं एकक) फायदा. उलट ६० सेंटीमीटरची छत्री उपग्रहापासून दीड अंश बाजूला पाहत असेल, तर निम्मा सिग्नल, म्हणजे तीन डेसिबेल, तिथेच जातो. दुकानदार जे विकत देऊ पाहतोय, जवळजवळ तेवढंच तुम्ही आत्ता चुकीच्या कोनापायी गमावत असाल. छत्रीच्या कडेवर पाहिलं तर दीड अंश म्हणजे कड जेमतेम पाऊण सेंटीमीटर पुढे-मागे होणं. बोल्ट आवळताना छत्री तेवढी सहज हलते. मोठ्या छत्रीचा झोत, म्हणजे आकाशाच्या जेवढ्या पट्ट्यातून ती सिग्नल घेते तो, तर आणखी अरुंद असतो, म्हणून घाईत बसवलेली ९० सेंटीमीटरची छत्री नीट रोखलेल्या ६० च्या छत्रीपेक्षा वाईट चालू शकते.

सुरुवात खांबापासून करा. खांब ओळंब्यात उभा हवा. पाणसळ दोन बाजूंना, एकमेकींशी काटकोनात, लावून बघा. खांब कललेला असला की छत्री डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही बदलत जाते, मग दोन्ही कोन एकदम कधीच जुळत नाहीत. कोकणात आणखी एक अडचण म्हणजे जांभा. चिऱ्याच्या भिंतीत साधा अँकर बोल्ट मारला तर पहिल्या पावसाळ्यात ठीक वाटतो, पण भोक आतून झिजत जातं आणि वाऱ्याने छत्री डुलायला लागते. कौलांवर किंवा पत्र्यावर तर छत्री बसवूच नका. दोन-अडीच इंची जीआय पाइप अंगणात दीड-दोन फूट खोल काँक्रीटमध्ये पुरा, नाहीतर स्लॅबवर सिमेंटचा ठोकळा ओतून त्यात बोल्ट बसवा. खांब उंच असण्याने काही फायदा नाही. उपग्रह ३६,००० किलोमीटरवर आहे, दहा फूट वर गेल्याने तो जवळ येत नाही. उलट उंच खांब वाऱ्यात जास्त हलतो.

फ्री डिश जीसॅट-१५ वरून येते, जागा ९३.५ अंश पूर्व. रत्नागिरीतून हा उपग्रह आग्नेयेला दिसतो: उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने साधारण १२८ अंश, आणि क्षितिजापासून ५९ अंश वर. हे वाचणाऱ्या इतरांसाठी: मुंबईतून १३१ आणि ५७, पुण्यातून १३२ आणि ५९, कोल्हापुरातून १२९ आणि ६०, छत्रपती संभाजीनगरहून १३६ आणि ५९, नागपूरहून १४४ आणि ६०, पणजीतून १२७ आणि ६१. महाराष्ट्रात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशभराचाही फरक नाही, त्यामुळे फोनमधलं होकायंत्र चालतं. फक्त ते खांबाजवळ धरू नका, लोखंडाने सुई भरकटते. दोन-तीन मीटर मागे उभे राहून १२८ अंशांच्या दिशेला दूरचं एखादं झाड किंवा टाकी हेरून ठेवा आणि छत्री तिकडे वळवा.

उंचीच्या कोनात नवखे हमखास फसतात. आपल्याकडच्या छत्र्या ऑफसेट प्रकारच्या असतात: एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला, आणि छत्री दिसते त्याहून वीस-पंचवीस अंश वर पाहत असते. ५९ अंश म्हटल्यावर लोक छत्री पार आकाशाकडे आडवी करतात. ब्रॅकेटवर आकडे कोरलेले असतील तर बाण ५९ वर आणा, त्यात हा फरक धरलेला असतो. आकडे नसतील तर वरच्या आणि खालच्या कडेवर एक सरळ पट्टी टेकवा आणि फोनमधल्या पाणसळीने तिचा कोन मोजा. पट्टी उभ्यापासून साधारण ३५ अंश मागे झुकलेली हवी.

आता समोर आड येणारं काही आहे का ते बघा. ५९ अंशांचा कोन उंच आहे, त्यामुळे दूरची झाडं आड येत नाहीत. छत्रीपेक्षा १५ मीटर उंच माड त्या दिशेला असेल तर तो ९ मीटरपेक्षा जास्त लांब असला की पुरे. त्याहून जवळ असेल तर झावळ्या वाऱ्याने हलतील तसं चित्र येईल-जाईल. आंबा तर पालवी फुटली की आडवा येतो, आणि पानं ओली झाली की जास्तच. खात्री करायची एक चांगली संधी वर्षातून दोनदा मिळते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी ११ च्या आसपास, सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा छत्रीवर झाडाची सावली पडत असेल तर वाट मोकळी नाही. (त्या दिवसांत त्याच वेळी काही मिनिटं चित्र जातं. तो बिघाड नाही, सूर्याच्या स्वतःच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. छत्रीला हात लावू नका.)

बॉक्सच्या इन्स्टॉलेशन मेनूत एलएनबी 'युनिव्हर्सल ९७५०–१०६००' निवडा, एलएनबी पॉवर चालू, २२ के बंद किंवा ऑटो, डायसेक बंद. ट्रान्सपाँडर ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. क्वालिटीची पट्टी पडद्यावर ठेवा आणि घरातल्या कोणाला तरी व्हिडिओ कॉलवर ती दाखवत बसवा. बाजारात मिळणारा स्वस्त सॅट-फाइंडर घेऊ नका. तो नुसती ऊर्जा मोजतो, कोणत्याही उपग्रहावर शिट्टी वाजवतो.

उंचीचे नट आवळून ठेवा आणि छत्री डावी-उजवीकडे अगदी हळू फिरवा. एक अंश सरकवा, तीन सेकंद थांबा, मग पुढे. बॉक्सला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो. भराभर फिरवलं तर बरोबर जागेवरून पुढे निघून जाल आणि कळणारही नाही. पंधरा अंश इकडे, पंधरा तिकडे फिरवूनही काही आलं नाही तर उंची एक अंशाने बदला आणि पुन्हा पहिल्यापासून. क्वालिटी आली की लगेच स्कॅन करून डीडी नॅशनल आणि डीडी सह्याद्री दिसतात का ते पाहा. शेजारी ९५ अंशांवर आणि ९१.५ अंशांवर दुसरे उपग्रह आहेत, त्यांच्यावर अडकलेली छत्री चांगली स्ट्रेंथ दाखवते आणि माणूस तासन्‌तास तिथेच घुटमळतो.

यापुढचा टप्पा बहुतेक बसवणारे सोडून देतात. चित्र आलं की नट आवळतात आणि शिडी उचलतात. पण पट्टी जिथे पहिल्यांदा वर आली ती जागा झोताची कड असते, मध्य नव्हे. छत्री हळूहळू डावीकडे न्या आणि क्वालिटी पार कोसळते तिथे खांबावर मार्करने खूण करा. मग उजवीकडे नेऊन तशीच दुसरी खूण करा. छत्री दोन खुणांच्या बरोबर मध्यावर आणा. उंचीचंही असंच, वरची कड, खालची कड आणि मध्य. बॉक्सची पट्टी सगळीकडे सारखीच भरलेली दाखवत असेल तर छत्रीच्या वरच्या निम्म्या भागावर ओलं गोणपाट टाका. सिग्नल मुद्दाम कमी झाला की कुठे जास्त, कुठे कमी हे पट्टीवर स्पष्ट दिसतं. मध्य सापडला की गोणपाट काढा.

मग एलएनबी. सिग्नल व्हर्टिकल म्हणजे उभा असतो, पण तो उपग्रहाच्या हिशेबाने उभा. उपग्रह आपल्या बराच पूर्वेला असल्यामुळे आपल्यापर्यंत तो तिरका पोचतो, आणि पश्चिम महाराष्ट्रात, कोकणात हा तिरकेपणा नागपूरपेक्षा जास्त आहे. केबलचं टोक सरळ खाली, घड्याळातल्या सहाच्या जागी ठेवलं तर तुम्ही सिग्नलचा चांगला मोठा भाग सोडून देता. एलएनबीची क्लिप थोडी सैल करा. छत्रीच्या पाठीमागे, तोंड उपग्रहाकडे करून उभे आहात असं धरा आणि टोक सहावरून पाचकडे, मग साडेचारकडे थोडंथोडं फिरवत क्वालिटी पाहा. दुसऱ्या बाजूलाही फिरवून खात्री करा, आणि सगळ्यात मोठा आकडा जिथे मिळेल तिथे थांबवा. यात अनेकदा दहा-पंधराने क्वालिटी वाढते.

नट आवळताना एक डावा, एक उजवा, असे पाव-पाव वेढ्याने आवळा आणि नजर पट्टीवर ठेवा. एकच नट पूर्ण आवळला की छत्री त्या बाजूला ओढली जाते आणि मघाचा पाऊण सेंटीमीटर परत निसटतो. आकडा पडला तर सैल करून पुन्हा आवळा.

एवढं करून क्वालिटी भरपूर वाढली तर काम झालं. नाही वाढली तर केबलकडे वळा. आरजी-६ केबलच वापरा, तीही २५-३० मीटरच्या आत. या वारंवारतेला शंभर मीटरमागे २० डेसिबेलहून जास्त नुकसान होतं. मध्ये जोड नको. एफ कनेक्टर (केबलच्या टोकाला लावायचा, फिरवून बसणारा जोड) लावताना आतली तांब्याची तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर यायला हवी. कमी असेल तर टेकत नाही, जास्त असेल तर वाकते. बाहेरच्या जाळीचा एखादा केसाएवढा तंतू जरी मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट होतो आणि एलएनबीला वीज जात नाही. कनेक्टर लावता-काढताना बॉक्सचा प्लग काढून ठेवा.

एलएनबीजवळचा कनेक्टर उघडून तार काळी-हिरवट दिसली तर पाणी आत गेलेलं आहे. नुसतं पुसून चालत नाही. पाणी जाळीतून केबलच्या आत चढत जातं, म्हणून तार चकचकीत दिसेपर्यंत केबल कापा आणि नवा कनेक्टर लावा. त्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्यावर चढतो आणि पाणी ओघळून जातं. केबल खांबाला बांधण्याआधी तिला खाली एक झोल द्या. घरात शिरण्याआधीही तसाच झोल हवा, म्हणजे पाणी तिथून टपकतं. एलएनबीच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकणही पाहा. उन्हाने तडकलं असेल तर आत पाणी नाहीतर कुंभारमाशीचं मातीचं घर सापडतं. तेव्हा एलएनबीच बदला.

पाऊस थांबल्यावर काय होतं, त्यावरून दोष कुठे आहे ते बऱ्यापैकी कळतं. नुसत्या भुरभुरीत चित्र जात असेल तर कोन किंवा एलएनबीचा तिरकेपणा. मुसळधार सरीत पाच-दहा मिनिटं जातं आणि सर ओसरताच आपोआप येत असेल तर तो खरा पावसाचा परिणाम. पाऊस थांबून तास झाला तरी येत नसेल, ऊन पडल्यावर दुपारी येत असेल, तर पाणी आत शिरलंय, कनेक्टर बघा. आणि इथे लख्ख ऊन असताना गावातल्या सगळ्यांचीच फ्री डिश एकदम गेली तर दोष तुमच्याकडे नाही, सिग्नल दिल्लीहून उपग्रहाकडे पाठवला जातो आणि अडचण तिकडची असू शकते.

खरा पावसाचा परिणाम कोणालाच पूर्ण टाळता येत नाही. ११ गिगाहर्ट्‌झला लहरीची लांबी पावणेतीन सेंटीमीटर असते. मोठे, दाट थेंब ती लहर शोषतात आणि विखुरतात, शिवाय एलएनबीला थंड आकाशाऐवजी गरम पाऊस 'दिसतो', त्याने गोंगाट वाढतो. शेजाऱ्यांची केबल का टिकते याचं उत्तरही इथेच आहे. केबलवाले बहुतेक वाहिन्या सी बँडमध्ये, ४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास, कित्येक फुटांच्या मोठ्या छत्रीने घेतात. तिथे लहर जवळजवळ तिप्पट लांब, पाऊस तिला फारसा अडवत नाही. त्यांची व्यवस्था चांगली आणि तुमची वाईट, असं त्यावरून ठरत नाही.

मग ९० सेंटीमीटरची छत्री कधी घ्यावी? कोन मध्यावर आणला, एलएनबी फिरवला, कनेक्टर कोरडा आहे, आणि तरीही जुलैत रोज चार-पाच वेळा चित्र जातं, तर जरूर घ्या. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत ती खर्चाला पुरून उरते. पण मधला पर्यायही लक्षात ठेवा. ७५ सेंटीमीटरची छत्री जवळजवळ दोन डेसिबेल देते आणि वारा तिला ९० इतका ओढत नाही. ९० घेतलीत तर खांबही जाड घ्या.

माळ्यावर एखाद्या पैसे भरायच्या डीटीएचची जुनी छत्री पडली असेल तर ती चालते. तिचा एलएनबी चालेल का, हे लेबलावर कळतं. '९७५०/१०६००' लिहिलेलं हवं. नुसतं १०६०० असेल तर फ्री डिशची ११०९० ही वारंवारता बॉक्सच्या कक्षेबाहेर पडते आणि काही केल्या क्वालिटी येत नाही. छत्री आहे तिथेच ठेवून चालणार नाही, कारण प्रत्येकीचा उपग्रह वेगळा आहे. टाटा प्ले ८३ अंशांवर, डी२एच ८८, डिश टीव्ही ९५, एअरटेल १०८.२. रत्नागिरीत टाटा प्लेची छत्री साधारण १५० अंशांच्या दिशेला आणि ६७ अंश उंचीवर असते, तिथून तुम्हाला पूर्वेकडे आणि खाली यावं लागेल. त्या कंपनीचा बॉक्स इथे उपयोगी नाही.

बॉक्स एमपेग-४ चा (चित्र दाबून पाठवायच्या नव्या पद्धतीचा) आहे ना, हे पाहून घ्या. २००४ च्या डिसेंबरात ही सेवा 'डीडी डायरेक्ट प्लस' नावाने सुरू झाली तेव्हाच्या एमपेग-२ बॉक्सवर आजच्या बऱ्याच वाहिन्या दिसतच नाहीत, आणि लोक छत्री हलवत बसतात. आईवडिलांना हेही सांगून ठेवा की खासगी वाहिन्यांच्या जागा प्रसार भारती लिलावाने देते, त्यामुळे विशेषतः एप्रिलच्या सुमारास काही वाहिन्या जातात, काही येतात. एखादी वाहिनी अचानक गायब झाली आणि बाकीच्या चालू असतील तर छत्रीला हात न लावता ऑटो स्कॅन करावा. नातवंडं गावी असतील तर स्वयंप्रभाच्या शैक्षणिक वाहिन्याही याच उपग्रहावर, याच छत्रीने मिळतात.

विजेचं मात्र हलक्यात घेऊ नका. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की बॉक्सचा प्लग काढा आणि छत्रीची केबलही बॉक्समधून काढून बाजूला ठेवा, नुसतं रिमोटने बंद करणं पुरत नाही. खांबाला जाड तांब्याच्या तारेने अर्थिंग करून घ्या. आणि वर सांगितलेलं सगळं काम कोरड्या सकाळी करा: शेवाळलेल्या गच्चीवर, वीजवाहक तारांच्या जवळ किंवा ढग भरून आलेले असताना शिडीवर चढू नका.